झेन २००५ : दुसऱ्यांदा पासिंग करून घ्यावं की आता बदलावी?

घाटवेडी
नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच आहे, पण या वेळी गाडी माझी आहे.

बाबांनी निवृत्त झाल्यावर नोव्हेंबर २००५ मध्ये मारुती झेन एलएक्स घेतली. पहिली नऊ वर्षं रत्नागिरीत होती, नंतर साताऱ्यात माझ्याकडे आली. मीटरवर १ लाख १८ हजार. २०२० मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत पासिंग करून नोंदणी पाच वर्षं वाढवून घेतली होती, ती आता येत्या नोव्हेंबरात संपतात.

इंजिनाची काही तक्रार नाही. सकाळी अर्ध्या चावीत सुरू होते. क्लचप्लेट तीन वर्षांपूर्वी बदलली, नवी नंबरप्लेट लावून झाली. पुढून डावीकडे खड्ड्यात खट्खट् वाजतं. एसी नावाला आहे. पावसाळ्यात मागच्या डाव्या सीटसमोरचं मॅटिंग ओलं होतं, पण त्याची आता सवय झाली आहे.

घरचे म्हणतात, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय, यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? आणि मला अजूनही रविवारी सकाळी सहाला कारण नसताना यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागावंसं वाटतं. तिसरा गिअर, खिडक्या खाली. पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये घाम निघतो, पण वळणावर चाक कुठे आहे ते तळहाताला कळतं. दोन नव्या गाड्या चालवून बघितल्या. छान आहेत. उतरल्यावर एकीचंही वळण आठवेना.

पासिंग, दुरुस्ती, की नवी? जुनी गाडी खरोखर वापरणाऱ्यांनी सांगावं.

हायवेवाला
पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी भंगारातच द्यावी लागते ना? माझ्या दिल्लीच्या मेव्हण्याला द्यावी लागली.

फॉर्म_पंचवीस
@हायवेवाला, तो दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता प्रकार आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, गाडी तपासणीत पास झाली पाहिजे इतकंच.

घाटवेडी ताई, नोंदणी वाढवायचा फॉर्म २५ मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून भरता येतो, म्हणजे तुमची वेळ आत्ताच आहे. मुदत टळली तर कारला महिन्याला ५०० रुपये दंड. आणि या वेळी गाडी विशीत जाते आहे. गेल्या वेळचा आकडा डोक्यात धरू नका, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची फी १०,००० आहे. त्यावर जीएसटी, शिवाय पर्यावरण कर वेगळा. पीयूसी आणि विमा चालू हवा. ९९३ सीसी असल्याने थर्ड पार्टी हप्ता सगळ्यात खालच्या टप्प्यात बसतो, २०९४ रुपये अधिक कर. ही बाजू स्वस्त आहे.

एजंटाच्या नादी लागू नका. गाडी घेऊन स्वतः गेलात तर आरटीओचे साहेब हेडलाइट, हॉर्न, ब्रेक, चासी नंबर बघतात. चासी नंबरावर गंज चढला असेल तर आधी हलक्या हाताने साफ करून घ्या. जोर लावून घासलात आणि आकडा पुसट झाला, तर नसती भानगड मागे लागेल.

चुकार_पिस्टन
झेन! आमच्याकडे ९७ ची कार्ब्युरेटरवाली होती. चार सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं इंजिन, आठशे किलोच्या आतली गाडी. आजच्या आकड्यांत ताकद काहीच नाही, पण ओढायचंही काही नव्हतं.

एकच सांगतो: या इंजिनाला तापू देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड एकदा जोरात तापलं की वाकतं, गॅस्केट जातं आणि मग दहा रुपयांच्या पाइपावरून बिल पाच आकड्यांत. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा आणि सगळे रबरी पाइप आधी बघा. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतत असाल तर आजपासून बंद. टायमिंग बेल्ट कधी बदललाय? किलोमीटर सांगू नका, साल सांगा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

आणि पेट्रोलचं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं, तुमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. पेट्रोलच्या लाइनचे जुने रबरी तुकडे, ओ-रिंग, टाकीच्या तोंडाचा पाइप हे सगळं इथेनॉल चालणाऱ्या रबरात बदलून घ्या. मोठा खर्च नाही. आणि गाडी महिनाभर उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

घाटवेडी
बेल्ट २०१६ मध्ये. लिहिताना लाज वाटली.

चुकार_पिस्टन
या आठवड्यात घाट बंद.

पत्रेवाला
मंडळी इंजिनात अडकली आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं मिळतं. झेनचे सुटे भाग अजून निघतात, नवे नाही मिळाले तर जुन्या बाजारात. गाडी मरते ती पत्र्याने. आणि तुम्ही दोन गोष्टी अशा सहज लिहून गेलात की मी दोनदा वाचल्या: नऊ वर्षं रत्नागिरी, आणि मागे डावीकडे ओलं मॅटिंग.

आमचा टिंकरिंगचा धंदा, वडिलांपासून. खाऱ्या हवेतली गाडी वरून कधीच दिसत नाही. वरचा रंग चकाकतो आणि खालून पोकळ असते. रविवारी एवढं करा. मॅटिंग फक्त उचलून बघू नका, सीट काढून पूर्ण बाहेर काढा. खाली काळा थर दिसेल, त्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर ठीक. आवाज मेला तर टोक लावून दाबा. आत गेलं तर गेलं. मग दाराखालचा रनिंग बोर्ड खालून चाचपा, विशेषतः मागच्या चाकाजवळ, तिथे चिखल साचतो. बॉनेट उघडून पुढचे शॉकर वर जिथे बसतात त्या वाट्या बघा. स्टेपनीखालचा खळगा बघा.

हिशेब असा. फ्लोअरला एखादं भोक असेल तर कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो, गाडी पुढे दहा वर्षं चालेल. रनिंग बोर्ड सडला असेल तर करता येतं, पण खर्च वाढतो आणि काम करणारा माणूस चांगला लागतो. शॉकरच्या वाट्या किंवा खालचे आर्म जिथे बसतात तो भाग मऊ लागला, तर मी माझ्या बहिणीलाही सांगेन की दुरुस्ती करू नको. तिथे डांबर फासून, वर रंग मारून देणारे भेटतील. पासिंगही होईल एखादवेळेस. घाटात ब्रेक मारताना मात्र तोच पत्रा चाक धरून ठेवणार आहे.

पाणी कुठून येतं तेही शोधा, नाहीतर नवा पत्राही चार पावसाळ्यांत जाईल. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी मारायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर.

एक_बाप
मी रसभंग करणार आहे, माफ करा. एअरबॅग नाही, एबीएस नाही. तुम्ही एकट्या रविवारी सहाला जाता तोवर तुमचा निर्णय. पण घरात मूल असेल आणि ही एकच गाडी असेल, पुण्याला हायवेने हीच जात असेल, तर पत्रा ठणठणीत निघाला तरी माझं उत्तर बदलत नाही.

चारचाकी_चिकित्सक
वरच्याशी सहमत. नवी घ्यायचीच तर, ज्यांना वळणं आवडतात त्यांनी मोठ्या स्क्रीनकडे न बघता वजनाकडे बघावं. इग्निस साडेआठशे किलोच्या आसपास आहे आणि इंजिन अजून चार सिलिंडरचं. दिसायला आवडत नाही म्हणून लोक दुरूनच परत जातात. २०२४ ची स्विफ्ट तीन सिलिंडरची झाली, पण सहा एअरबॅग सगळ्याच मॉडेलांत आहेत आणि घाटात मजा येते. जुन्यात बघायचं तर आपल्या चाकणची पोलो, एक लिटर टर्बो, मॅन्युअल. २०२२ मध्ये बनायची थांबली, त्यामुळे चांगली हाताला लागली की लगेच जाते. किंमत मात्र ऐकून बसा.

झेन विकून काही येणार नाही, ते मनातून काढा. अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिलीत तर प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या रस्ता करात सवलत मिळते.

हायवेवाला
म्हणजे मेव्हण्याने सातारा पासिंगची घेतली असती तर वाचला असता?

फॉर्म_पंचवीस
दिल्लीत चालवून नाही वाचला असता. तेव्हा तिथे वय बघायचे, नंबर कुठला ते नाही.

घाटवेडी
अपडेट. @पत्रेवाला, दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही सीट काढल्या. मागे डावीकडे अंगठा जाईल एवढं भोक, भोवती वीतभर पत्रा मऊ. रनिंग बोर्ड टणटण. शॉकरच्या वाट्यांवर स्क्रू ड्रायव्हर घसरला, आत गेला नाही. पाणी मागच्या दाराच्या आतल्या फाटलेल्या प्लॅस्टिकमधून येत होतं. नळी लेकीने धरली, भिजले मी. पुढची खट्खट् खालच्या आर्मच्या बुशची निघाली. बेल्ट कालच बदलला.

फ्लोअर कापून नवा पत्रा, खालून गंजरोधक, बुश आणि पेट्रोलचे पाइप धरून २३ हजार सांगितले आहेत. ते करतेय, फॉर्म २५ भरला आहे.

@एक_बाप, तुमचं म्हणणं घरी मोठ्याने वाचून दाखवलं गेलं, दोनदा. लेक पुढच्या वर्षी गाडी शिकणार आहे. ती यावर शिकणार नाही आणि पुण्याला ही जाणार नाही, एवढं ठरलं. स्विफ्ट आणि इग्निस दोन्ही शनिवारी यवतेश्वरला नेऊन बघणार आहोत. शोरूमवाला म्हणाला, चाचणीचा रस्ता ठरलेला असतो. बघू.

बाबांना फोनवर भोकाचं सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "डावीकडे मागे ना? दर रविवारी मिरकरवाड्याहून येताना माशांची पिशवी तिथेच ठेवायचो मी. बर्फ वितळायचा." नऊ वर्षं!

पत्रेवाला
मग स्टेपनीखालचा खळगा राहिला असेल तर आजच बघा. सुरमई मोठी असली तर ती डिकीतच जात असणार.