मदत हवी आहे: रेड ५ मधल्या दोन डिस्क बाहेर पडल्या, वाचनालयाची स्कॅन केलेली पानं अडकली आहेत

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून मी आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचं संगणकाचं काम बघतो. जुनी साप्ताहिकं, गावच्या छापखान्यात निघालेल्या स्मरणिका, कीर्तनकारांच्या वह्या असं सगळं आम्ही सहा वर्षं स्कॅन करतोय. टिफ फाइली, मिळून साधारण ६.८ टीबी. काही कागद स्कॅनरवर ठेवतानाच तुटत होते, ती पानं पुन्हा स्कॅन होणं शक्य नाही. वेगळ्या डिस्कवरचा बॅकअप निम्म्याच कामाचा आहे. चूक माझी आहे, मान्य आहे.

सर्व्हर म्हणजे उबुंटू टाकलेला साधा टॉवर. ४ टीबीच्या चार डिस्क, एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने केलेलं रेड ५ (डिस्कचा एकत्र गट, म्हणजे ॲरे; एक डिस्क गेली तरी डेटा बाकीच्यांवरून मिळतो), वर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. सोयीसाठी डिस्कना क, ख, ग, घ म्हणतो.

अकरा दिवसांपूर्वी ख बाहेर पडली. ॲरे तीन डिस्कवर चालू राहिला, त्यात थोडं स्कॅनिंगही झालं. नवी डिस्क आली, ती ख च्या जागी लावून रिबिल्ड, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून तिच्यावर डेटा पुन्हा भरणं, सुरू केलं. ६१ टक्क्यांवर घ पण बाहेर पडली आणि सगळं थांबलं. लॉगमध्ये घ साठी आधी टाइमआउट, मग हार्ड रीसेट, असं चार-पाच वेळा दिसतंय. रीबूट केल्यावर ॲरे सुरूच होत नाही. अजून काही केलेलं नाही. आता काय करू?

प्रतिसाद १

पहिल्यांदा मशीन बंद करा. घ जितका वेळ फिरेल तितकी आणखी खराब होऊ शकते. फाइलसिस्टिम तपासणीची कमांड तर अजिबात चालवू नका, ती अर्धवट दिसणाऱ्या ॲरेवर दुरुस्ती म्हणून लिहीत सुटते.

मग प्रत्येक डिस्कचा एमडीएडीएमचा एक्झामिन आउटपुट आणि स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे) आकडे द्या. एक्झामिनमध्ये इव्हेंट काउंट बघा, म्हणजे ॲरेतल्या बदलांची मोजणी; मागे पडलेल्या डिस्कवर तो कमी असतो. स्मार्टमध्ये ५ (बदलून टाकलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे तुकडे), १९७, १९८ (दुरुस्त न झालेले सेक्टर) आणि १९९ या चार ओळी पुरेत.

प्रतिसाद २

माझ्याकडे असंच झालं होतं. त्याच चार डिस्क देऊन ॲरे नव्याने क्रिएट करायचा, अझ्यूम-क्लीन (सगळं आधीच जुळलेलं आहे असं धरणारा) पर्याय लावायचा. दहा मिनिटांत डेटा परत आला होता.

प्रतिसाद १

धागाकर्ते, कृपया हे करू नका. प्रतिसाद २, तुमचं जमलं याचा आनंद आहे, पण क्रिएट केलं की जुने सुपरब्लॉक (डिस्कवरची ॲरेची नोंद) पुसले जातात. डिस्कचा क्रम, चंकचा (डेटाच्या तुकड्याचा) आकार, मेटाडेटाची आवृत्ती आणि डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा जिथून सुरू होतो ती जागा) हे सगळं जसंच्या तसं जुळलं तरच डेटा दिसतो. डेटा ऑफसेटचं मूळ मूल्य एमडीएडीएमच्या आवृत्त्यांमध्ये बदलत गेलं आहे. सहा वर्षांपूर्वीचा ॲरे आजच्या आवृत्तीने क्रिएट केला तर फाइलसिस्टिमची सुरुवातच चुकीच्या जागी शोधली जाईल. आणि ख त्यात शिळी आहे, ती मिसळली तर नंतरच्या रिसिंकमध्ये (डिस्क एकमेकींशी जुळवताना) चांगला डेटाही जाऊ शकतो.

धागाकर्ता

धन्यवाद दादा, मशीन लगेच बंद केलं होतं, फक्त आकडे घ्यायला चालू केलं. इव्हेंट काउंट: क ४८२१७, ग ४८२१७, घ ४८२०९, ख ३१९६०.

स्मार्ट: क आणि ग वर चारही आकडे शून्य. घ वर १९७ मध्ये ४८, ५ मध्ये ०. ख वर ५, १९७, १९८ शून्य, पण १९९ मध्ये १३४२. हे वाचून तर मी गोंधळलो. जी डिस्क आधी मेली ती ठणठणीत आणि जिच्यावर सगळा भार होता ती आजारी?

प्रतिसाद ३

गोंधळू नका, आकडे सरळ बोलत आहेत. १९९ म्हणजे डिस्क आणि कंट्रोलरमधल्या वायरीवरच्या चुका. ख ची साटा केबल किंवा कनेक्टर खराब आहे, डिस्क बहुधा चांगली आहे. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर. घ वर ते आधीपासून असणार. त्या जागा कोणी वाचत नव्हतं म्हणून कळलं नाही, रिबिल्डने पहिल्यांदाच सगळी डिस्क वाचली. महिन्यातून एकदा पूर्ण ॲरे तपासणी चालू होती का? डेबियन-उबुंटूत ती सोय असते, पण रात्री सर्व्हर बंद ठेवला की वेळ चुकते.

टाइमआउटचं कारणही सांगतो, कारण हे घरगुती डिस्क वापरणाऱ्या सगळ्यांना भोवतं. डेस्कटॉपची डिस्क खराब सेक्टर वाचायला एक-दोन मिनिटंही झगडत बसते. लिनक्सचा कर्नल मात्र ३० सेकंदच थांबतो. मग तो डिस्क रीसेट करतो, ती तेव्हाही आतच गुंतलेली असते, आणि शेवटी पूर्ण डिस्कच ॲरेतून काढली जाते. थोड्याशा सेक्टरसाठी ४ टीबी बाहेर! सर्व्हरच्या आणि नासच्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून चूक कळवतात, मग रेड तो सेक्टर पॅरिटीवरून (बाकीच्या डिस्कवरच्या डेटाच्या बेरजेसारख्या नोंदीवरून) भरून घेतं. डिस्कला ही मर्यादा लावता येत असेल तर स्मार्टसीटीएल या कमांडने लावा. नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा.

प्रतिसाद १

सहमत. आता क्रम. घ ची नवीन डिस्कवर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्क वाचून प्रत काढणाऱ्या साधनाने) प्रत काढा, मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) वेगळ्या डिस्कवर ठेवून. आधी सोपा भाग, मग खराब जागांवर तीन फेऱ्या. अर्धवट रिबिल्ड झालेल्या डिस्कमध्ये काही अडकलेलं नाही, तीच वापरली तरी चालेल. मग क, ग आणि घ ची प्रत यांच्यावर ओव्हरले बनवा, म्हणजे जे काही लिहिलं जाईल ते बाजूच्या फाइलीत जाईल आणि मूळ डिस्क अस्पर्श राहतील. त्यावर फोर्स देऊन असेंबल, म्हणजे ॲरे पुन्हा जोडा. इव्हेंटमध्ये ८ चाच फरक आहे, चालेल. माउंट करताना फक्त वाचण्यासाठी आणि जर्नल (फाइलसिस्टिमची बाकी राहिलेल्या बदलांची नोंद) न चालवता.

आणि ख जपून ठेवा. तिला हात लावू नका.

धागाकर्ता

प्रत काढायला आठ तास लागले. ४८ मधले १६ सेक्टर पुढच्या फेऱ्यांत वाचले गेले, ३२ राहिले, म्हणजे १६ केबी. ॲरे लागला, फोल्डर दिसले तेव्हा वाचनालयाच्या खोलीत मी एकटाच होतो, खुर्चीवर बसून राहिलो थोडा वेळ.

पण आता हे १६ केबी कुठल्या फाइलीत आहेत ते कसं शोधू? जुन्या फाइलींचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारे ओळखीचे आकडे) माझ्याकडे नाहीत. आणि ख जपायला का सांगितलंत?

प्रतिसाद १

त्यासाठीच. तुमचा ॲरे आता तीन पायांवर आहे. ख चा भाग बाकी तिघांच्या बेरजेतून काढला जातो. म्हणून घ वरचा एक सेक्टर वाचता आला नाही तर नुकसान दोन ठिकाणी होऊ शकतं: घ वरच्या त्या जागी, आणि त्याच पट्टीत (सगळ्या डिस्कवरच्या एकमेकांशी जोडलेल्या तुकड्यांच्या गटात) ख वर जे असायला हवं होतं तिथे. तुमचे ३२ सेक्टर आठ-आठच्या चार जागा धरल्या, तर चार खराब जागांमागे जास्तीत जास्त आठ.

ख अकरा दिवस मागे आहे, पण त्या अकरा दिवसांत ज्या पट्ट्यांवर काही लिहिलं गेलं नाही तिथे तिचा डेटा आजही खरा आहे. तुमच्या जुन्या टिफ कोणी बदलत नाही. तर आधी आत्ताच्या ॲरेतून सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि चेकसम यादी करा. मग हा ॲरे पूर्ण थांबवून, नव्या ओव्हरलेवर क, ख, ग असा दुसरा जोडा. घ नाहीच त्यात. त्यातून अकरा दिवसांआधीच्या फाइलींची चेकसम यादी करा. ज्या फाइलींचे आकडे जुळत नाहीत त्याच संशयित. दोन्ही उघडून बघा. या दुसऱ्या ॲरेत नव्या फाइली आणि काही फोल्डर विचित्र दिसतील, त्याची काळजी करू नका, तिथे लिहायचं मात्र काहीच नाही.

धागाकर्ता

झालं! उतरवायला आणि दोन्ही याद्या करायला मिळून चार दिवस गेले. तीन फाइली जुळल्या नाहीत. बाकीच्या खराब जागा मोकळ्या जागेत असाव्यात. तिन्हींमध्ये पहिल्या प्रतीत पानाच्या मधोमध काळी-पांढरी पट्टी आहे, ख वाल्या प्रतीत पान स्वच्छ आहे. त्यातलं एक पान त्याच साप्ताहिकाचं आहे ज्याचा कागद आता उरलेला नाही. अकरा दिवसांतलं स्कॅनिंग जवळ कागद असल्याने पुन्हा करून घेतलं.

सगळ्याची दुसरी प्रत मोठ्या डिस्कवर करून ती एका सभासदांच्या घरी ठेवली आहे. नवा ॲरे रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारा) करतोय. क आणि ग ला ७ सेकंदांची मर्यादा घेता आली, नव्या डिस्कने घेतली नाही, तिच्यासाठी टाइमआउट १८० केला आणि बूटच्या वेळी लागेल असं लिहून ठेवलं. ख ची केबल बदलून लाँग टेस्ट (पूर्ण डिस्कची तपासणी) लावली आहे. १९९ चा आकडा १३४२ वरच थांबतो का ते आठवडाभर बघतो आणि इथे कळवतो.