शहरातून तेजोमेघांचे छायाचित्रण: दोन पट्ट्यांचा फिल्टर घ्यावा की कृष्णधवल कॅमेरा?

प्रश्न

पुण्याच्या उपनगरातील गच्चीवरून मी ८० मिमी व्यासाच्या, एफ/६ (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) भिंगाच्या दुर्बिणीने छायाचित्रण करतो. गायडिंगसह (एका ताऱ्यावर नजर ठेवून दिशा सतत सुधारण्याची सोय) विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार) आणि थंड ठेवता येणारा रंगीत कॅमेरा एवढे साहित्य जवळ आहे. गल्लीत सोडियमच्या दिव्यांऐवजी पांढरे एलईडी आल्यापासून जुना प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर उपयोगी पडत नाही आणि रोझेट तेजोमेघाचा (अवकाशातील वायू-धुळीच्या चमकत्या ढगाचा) बाहेरचा भाग उजळलेल्या आकाशात हरवतो. याच कॅमेऱ्यासाठी हायड्रोजन-अल्फा आणि ऑक्सिजन-३ (तेजोमेघातील हायड्रोजन व ऑक्सिजनचा ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश) असे दोनच पट्टे आत येऊ देणारा फिल्टर घ्यावा, की थांबून कृष्णधवल कॅमेरा व तीन स्वतंत्र फिल्टर जमवावेत?

प्रतिसाद १

दोन पट्ट्यांचा फिल्टर आताच घ्यावा. सोडियमच्या दिव्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असे, त्यामुळे तो वेगळा अडवता येई. एलईडीचा प्रकाश जवळजवळ संपूर्ण दृश्य वर्णपटावर पसरलेला असल्याने त्याला निवडून अडवता येत नाही. तेजोमेघाचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांत एकवटलेला असतो: हायड्रोजन-अल्फा ६५६.३ आणि ऑक्सिजन-३ची प्रमुख रेषा ५००.७ नॅनोमीटरवर. तेवढाच प्रकाश आत घेतला की आकाशाची पार्श्वभूमी आपोआप काळवंडते.

पट्टारुंदी (फिल्टर आत येऊ देतो तेवढ्या तरंगलांबींचा पल्ला) अर्धी केली तर पार्श्वभूमीही साधारण अर्धी होते. म्हणून परवडत असल्यास ३ नॅनोमीटर उत्तम, पण ७ नॅनोमीटरवरही एफ/६ला फार चांगले काम होते. एफ/२सारख्या वेगवान (व्यासाच्या मानाने नाभीय अंतर कमी असलेल्या) दुर्बिणीत किरण तिरपे पडून फिल्टरचा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो आणि अरुंद फिल्टर हवी तीच रेषा कापू शकतो; आपल्याला ती चिंता नाही.

प्रतिसाद २

माझे मत थोडे वेगळे आहे. रंगीत संवेदकावर हायड्रोजन-अल्फाचा प्रकाश मुख्यतः लाल पिक्सेल टिपतात, आणि ते एकूण पिक्सेलांच्या एक चतुर्थांशच असतात. कृष्णधवल संवेदकाचा प्रत्येक पिक्सेल कामी येतो. शिवाय हबलच्या १९९५च्या गरुड तेजोमेघाच्या चित्रासारखी रंगसंगती हवी असेल, तर ६७२ नॅनोमीटरजवळच्या गंधक-२च्या रेषाही लागतात आणि त्या या फिल्टरमधून येत नाहीत. पुढे कृष्णधवल कॅमेरा घ्याल तेव्हा हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर आधी घ्यावा, कारण केवळ त्यातून मिळणारे एकरंगी चित्रही स्वयंपूर्ण असते आणि चांदण्या रात्रीही ते काम थांबत नाही. चंद्रप्रकाशाचा त्रास ऑक्सिजन-३ला अधिक होतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. सध्या दोन पट्ट्यांचा ७ नॅनोमीटरचा फिल्टर घेतो. पावसाळ्यापूर्वी कोणते लक्ष्य निवडावे?

प्रतिसाद १

धनु राशीतील लगून तेजोमेघ निवडावा. तो पुण्याहून दक्षिणेला सुमारे ४७ अंश उंच येतो, म्हणजे युरोपातील निरीक्षकांपेक्षा आपल्याला पुष्कळच सोयीचा. एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतरचा वेळ त्यालाच द्यावा. कृत्तिकांभोवतीच्या तेजोमेघासाठी मात्र हा फिल्टर काढून ठेवावा, कारण तेथील धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते आणि तो सर्व तरंगलांबींत विखुरलेला असतो. एकेक उद्भासन (एक्स्पोजर) ३०० सेकंदांपासून सुरू करावे आणि एकाच लक्ष्यावर अनेक रात्री द्याव्यात: संकेत (तेजोमेघाचा खरा प्रकाश) व गोंगाट (चित्रातील दाणेदारपणा) यांचे गुणोत्तर दुप्पट करायला एकूण वेळ चौपट लागतो. फिल्टर बसवल्यावर फोकस बदलतो, तेव्हा बाहतिनोव्ह मास्कने (फोकस जुळवण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर लावायच्या खाचांच्या झाकणाने) तो फिल्टरसकटच पुन्हा जुळवावा.