उत्तर: सर्वात उंच, सर्वात मोठं, सर्वात जुनं

वर कुणीतरी लिहिलंय की जगातलं सर्वात उंच झाड तेच सर्वात मोठं आणि सर्वात जुनं. तसं नाही हो, ही तीन वेगळी झाडं आहेत. तिन्ही सूचिपर्णी, तिन्ही कॅलिफोर्नियातली.

उंचीत कोस्ट रेडवूड पहिलं, सुमारे ११६ मीटर. आकारमानात जायंट सिक्वोया: त्यातलं 'जनरल शेर्मन' नावाचं झाड ८४ मीटरच, पण बुंध्याचा व्यास तळाशी ११ मीटर! वय २,२०० वर्षांच्या पुढं. साल दोन फुटांपर्यंत जाड, त्यामुळं वणव्यातही तगतं. उलट वणव्याच्या धगीनं त्याची फळं उघडतात नि बी पडतं. ते बी भाताच्या तुसाहून लहान! वयात मात्र ब्रिसलकोन पाइन, ४,८०० वर्षांवर, तेही वेडंवाकडं नि बुटकं.

आम्हा सातारकरांना मोठं झाड म्हणजे म्हसव्याचा वड. पण तो पारंब्या टेकवत आडवा पसरतो, रेडवूड नि सिक्वोया सरळ वर जातात.

महाबळेश्वरात रेडवूड लावा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन: धुकं आपल्याकडं पावसाळ्यात. रेडवूडला ते कोरड्या उन्हाळ्यात लागतं, समुद्रावरून येणारं. मार्च-एप्रिलात इथं धुकं कुठून आणणार?