मदत हवी आहे: घरगुती केबल टेस्टरवर आठही दिवे लागतात, तरी नेट अडखळते

नमस्कार. अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात माझे ऑनलाइन अर्ज भरण्याचे लहानसे केंद्र आहे आणि गावात दुसरे कोणी नसल्यामुळे शाळेच्या संगणक खोलीची वायरिंगही माझ्याकडेच येते. दरवेळी नेटवर्क केबल (आत आठ वायरी, दोन-दोन एकत्र पिळलेल्या) तपासायचा टेस्टर उसना आणण्यासाठी तालुक्याला खेप घालण्यापेक्षा तो स्वतःच बनवावा, असे ठरवले.

५५५ आयसी ठोके देतो आणि ४०१७ आयसी एकेका वायरीला पाळीपाळीने वीज देतो. आठव्या वायरीनंतर पुन्हा पहिली यावी म्हणून त्याचा ९ क्रमांकाचा पाय १५ क्रमांकाच्या रीसेटला जोडला आहे. वीज परत येण्यासाठी नववी वायर नसते, म्हणून दूरच्या टोकाला प्रत्येक एलईडीला उलटा डायोड जोडला, म्हणजे ज्या सात वायरी त्या क्षणी बंद असतात त्यांच्यातूनच वीज परत येते. (हा भाग आधी आजीच्या पितळी पानाच्या डब्यात बसवला होता, डब्याला टाके टेकून दोन-दोन दिवे एकदम लागायला लागले, तेव्हा डबा आजीला परत केला.) ९ व्होल्टच्या बॅटरीवर हे सगळे नीट चालते. तुटलेली किंवा अदलाबदल झालेली वायर लगेच कळते.

अडचण वेगळीच आहे. शाळेतल्या एका केबलवर आठही दिवे क्रमाने लागतात, पण संगणक जोडला की नेट सारखे तुटते. जॅक कापून पाहिला, तर आधीच्या कारागिराने दोन्ही टोकांना पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा असे सरळ रंग लावत नेले होते. त्यामुळे ३ आणि ६ या पायांवर, जिथे एकाच पिळाच्या दोन वायरी हव्यात, तिथे पांढरा-हिरवा आणि निळा अशा दोन वेगळ्या जोड्यांमधल्या वायरी आल्या. पीळ फुटला की शेजारच्या जोडीचा संदेश या ३-६ च्या जोडीत मिसळणार. माझ्या टेस्टरला मात्र वायर इथून तिथे पोहोचली एवढेच कळते, तिचा जोडीदार कोण हे कळत नाही.

एकाच पिळातल्या दोन वायरींमधली कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वेगवेगळ्या पिळांतल्या वायरींपेक्षा जास्त असते, म्हणून दुसरे टोक मोकळे ठेवून मल्टिमीटर लावला. २० मीटरच्या चांगल्या केबलवर ३ आणि ६ यांच्यात सुमारे एक नॅनोफॅरड आले, ३ आणि ४ यांच्यात त्याहून स्पष्ट कमी. चुकीच्या केबलवर बरोबर उलटे. परंतु दोन-तीन मीटरच्या तुकड्यावर आकडा इतका लहान येतो की मीटरच्या दांड्या जरा हलवल्या तरी तो बदलतो.

आता विचारायचे ते असे. ५५५ च्या कपॅसिटरच्या जागी केबलचीच जोडी लावून, ठोक्यांच्या वेगातल्या फरकावरून लहान तुकड्यातली चूक पकडता येईल का? त्यासाठी साधा ५५५ पुरेल, की सीमॉसवाला ७५५५ (५५५ चाच कमी वीज घेणारा प्रकार) मागवावा लागेल, आणि तीन मीटरच्या तुकड्याच्या सुमारे १५० पिकोफॅरडसाठी रेझिस्टर कितीचे ठेवावेत? कोणी प्रत्यक्ष करून पाहिले असल्यास कृपया सर्किटसह लिहावे. सुटे भाग लातूरहून मागवावे लागतात, म्हणून एकदाच यादी करायची आहे.