मदत हवी आहे: ट्रॅव्हल बेसबॉल, शोकेस आणि चौदा वर्षांचा कॅचर

डोंबिवली_ते_जर्सी:
मंडळी, बेसबॉलमधलं कळणारं इथे कोणी आहे का? क्रिकेटच्या धाग्यावर शंभर-शंभर प्रतिसाद पडतात, त्या गर्दीत एखादा तरी बेसबॉलवाला असेलच.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा १४ वर्षांचा, सप्टेंबरपासून नववीत जाईल. गावच्या लिटल लीगमध्ये सुरुवात केली, आता जवळच्याच एका ट्रॅव्हल टीममध्ये खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रॅव्हल टीम म्हणजे शाळेशी संबंध नसलेला खासगी क्लब. ट्रायआउट द्यायची, फी भरायची आणि उन्हाळाभर शनिवार-रविवार गाडीत बर्फाची पेटी टाकून स्पर्धांना हिंडायचं. लेक कॅचर आहे, म्हणजे क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखा. रविवारी दुपारपर्यंत टीमचे पिचर (बॉल टाकणारे) वापरून संपलेले असतात, तेव्हा त्यालाच माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभं करतात. हात चांगला आहे म्हणतात.

आता एका मोठ्या क्लबने त्याला 'नॅशनल' टीममध्ये घ्यायची तयारी दाखवली आहे. फी साडेचार हजार डॉलर, हॉटेल-विमान वेगळं. जुलैत जॉर्जियाला लेकपॉइंटला नेणार. 'तिथे एक्स्पोजर मिळतं', म्हणजे कॉलेजच्या कोचच्या नजरेत येता येतं, हे वाक्य त्यांच्या माणसाने इतक्यांदा ऐकवलं की मी मोजणं सोडलं. त्यातच परवा एका शोकेसचं (कोचना कौशल्य दाखवायचा कार्यक्रम) ईमेल आलं: 'आपल्या मुलाची निवड झाली आहे'. निवडीच्या लगेच खाली पैसे भरायचं बटण!

नवरा दादरला वाढलेला. त्याचं म्हणणं, 'गाइल्स-हॅरिस शिल्डला धावा काढल्या की बघणारे आझाद मैदानावर आपोआप यायचे. शाळेच्या टीममधून खेळू दे, पुढचं पुढे.' मला वाटतं इथली गणितं वेगळी असावीत, पण नक्की कशी ते सांगता येत नाही. वय निघून गेलं तर, ही धाकधूक आहेच. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया लिहा. पैसे कुठे घालावेत, कुठे मुळीच घालू नयेत?

शिवाजीपार्ककर:
वाचतोय. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण साहेबांच्या बाजूने एक मत नोंदवून ठेवा.

ओहायोतला_भाऊ:
ताई, माझा मुलगा सध्या डिव्हिजन थ्री कॉलेजात (कॉलेज खेळाची तिसरी पातळी, वन सगळ्यात वरची) खेळतो, तेव्हा बरंच ताजं आहे. जरा लांबेल.

आधी साहेबांचा मुद्दा. शाळेचा सीझन मार्च ते जूनचा. नेमका तेव्हाच कॉलेजांचाही सीझन चालू असतो. कोच स्वतःच्या टीमच्या बसमध्ये बसलेला, तो तुमच्या शाळेची मॅच बघायला येणार कधी? त्याला वेळ मिळतो तो उन्हाळ्यात आणि शरदात, आणि तेव्हा मैदानावर असतात ट्रॅव्हल टीम. शिवाय एका आवारात दिवसभर मॅच चालतात, त्यामुळे एका फेरीत त्याची बरीच मुलं बघून होतात. यातूनच हा सगळा धंदा उभा राहिला. परफेक्ट गेम ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी, १९९५ साली आयोवात निघाली. आयोवासारख्या थंडीच्या राज्यातल्या मुलांकडे कोणी फिरकत नव्हतं, तीच मूळ अडचण होती. तुमचं न्यू जर्सीही तसंच: तिथल्या मिलव्हिलच्या, पुढे मेजर लीगचा (व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च लीग) स्टार झालेल्या माइक ट्राउटचं नाव २००९ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांची नव्या खेळाडूंची निवड) २५ व्या क्रमांकावर आलं. आज तो पहिला जायला हवा होता असं सगळेच म्हणतात.

म्हणजे ट्रॅव्हल बेसबॉल लागतंच. प्रश्न आहे तो कधी आणि कुठलं.

डिव्हिजन वनच्या कोचला अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी किंवा तुमच्याशी भरतीबद्दल बोलायची परवानगी नाही. फोन, मेसेज, काही नाही. तुमचा मुलगा आता नववीत चाललाय. अगदी सोन्याचा कॅचर असला तरी पुढची दोन वर्षं त्यांच्याकडून अक्षर यायचं नाही. बघू शकतात, हो. पण १४-१५ वर्षांच्या गटाच्या मैदानापाशी मला बहुतेक वेळा आईबापच दिसले. कोच मंडळी १७ वर्षांखालच्या गटाभोवती.

आता लेकपॉइंट. जागा सुरेख आहे, अटलांटाच्या उत्तरेला एमर्सन गावात, ओळीने कृत्रिम गवताची मैदानं. पण तिथे आलेला कोच रमतगमत हिरे शोधत फिरत नाही. त्याच्या हातात यादी असते: अमुक मैदान, अमुक वाजता, अमुक मुलगा. कोणी आधी ईमेल केलेलं असतं, कोणाबद्दल ओळखीच्या कोचने फोन केलेला असतो. त्या यादीत नाव नसेल तर जॉर्जियात खेळलात काय आणि घरामागे खेळलात काय, सारखंच. एकदा एका शेवटच्या वर्षाच्या शॉर्टस्टॉपसाठी (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) चार कोच कुंपणाला टेकून उभे होते. त्याची बॅटिंग आटोपली आणि चौघेही निघाले. पुढच्या पोराने पहिल्याच बॉलवर डबल (दोन बेस मिळवणारा फटका) मारला, बघायला त्याची आजी होती.

म्हणून क्लबला एवढंच विचारा: गेल्या दोन वर्षांत तुमची कोणती मुलं कोणत्या कॉलेजात गेली, आणि त्यातल्या किती जणांसाठी तुम्ही स्वतः कोचला फोन केलात? आणि तुमच्याकडे कॅचर किती आहेत? 'नॅशनल' टीममध्ये तिसरा कॅचर म्हणून साडेचार हजार भरून बाकावर बसण्यात काही अर्थ नाही.

शोकेस ही वेगळी गोष्ट. तिथे मॅचपेक्षा मोजमाप महत्त्वाचं. पाठीवर नंबर, ६० यार्ड धावायचं, मग थ्रो, मग बॅटिंग. कॅचरचा पॉप टाइम घेतात, म्हणजे बॉल ग्लव्हमध्ये थडकल्यापासून सेकंड बेसवरच्या खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. मेजर लीगमध्ये तो साधारण २ सेकंद. हे आकडे नेटवर चढतात आणि तिथेच राहतात. म्हणून आकडा दाखवण्याजोगा झाला की मगच शोकेसला जा. ते कुठल्याही अकॅडमीत स्टॉपवॉच लावून आधी कळतं. आणि त्या ईमेलातली 'निवड' फारशी मनावर घेऊ नका, मेलिंग लिस्टवर असलेल्या सगळ्यांचीच होते.

हात_सांभाळा:
मी इथे फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, एक्स्पोजरचं राहू दे, तुमच्या दुसऱ्या परिच्छेदावर माझी नजर अडकली. कॅचर आहे आणि रविवारी पिचिंगही करतो? त्याच दिवशी?

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांची 'पिच स्मार्ट' म्हणून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१४ पासून. १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच (म्हणजे पिचरने टाकलेले बॉल), ६६ किंवा जास्त टाकल्या तर पुढे चार दिवस विश्रांती, वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की पिचरने त्याच दिवशी कॅचिंग करू नये. कारण कॅचर प्रत्येक बॉल परत फेकतो, ते थ्रो कोणी मोजत नाही. टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराच्या अस्थिबंधाची) फक्त व्यावसायिकांची राहिलेली नाही, ती हायस्कूलच्या पोरांवरही होते. नवा क्लब असो की जुना, कोचला स्वच्छ सांगा: एक तर कॅचिंग, नाही तर पिचिंग. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं का, हे त्याला आज विचारा. 'थोडंसं' म्हणाला तरी दाखवून घ्या.

डोंबिवली_ते_जर्सी:
@हात_सांभाळा, विचारलं. दुखत नाही म्हणतो, पण आधी बापाच्या तोंडाकडे बघितलं. अपॉइंटमेंट घेतली आहे. पिच कोण मोजतं असं कोचला विचारलं, तर स्कोअर ठेवणाऱ्या बाबांकडे बोट दाखवलं. ते बाबा हॉट डॉग आणायला गेले होते.

टेक्ससची_मावशी:
पैशाचं मी सांगते, कारण आमच्याकडे हा विषय जेवणाच्या टेबलावर रोज असायचा. स्कॉलरशिपने खर्च भरून निघेल या हिशोबाने एक डॉलरही घालू नका. डिव्हिजन वनमध्ये बेसबॉलला वर्षानुवर्षं पूर्ण टीम मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या, त्यात तुकडे करून वाटप. २०२५ पासून ती मर्यादा उठली, पण खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना टीम ३४ जणांची ठेवावी लागते. म्हणजे पैसे वाढू शकतात, जागा आटल्या. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊ बघणाऱ्या खेळाडूंची यादी. २१ वर्षांचा तयार कॅचर मिळत असेल तर कोच शाळकरी मुलाची वाट कशाला बघेल? डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे) खेळाची स्कॉलरशिप नसतेच, तिथे मार्कांचा उपयोग. आणि आपल्या लोकांत ज्युनियर कॉलेज (इथलं दोन वर्षांचं कॉलेज) म्हटलं की नाकं मुरडतात, ते सोडा. मेजर लीगचे स्टार ब्राइस हार्पर आणि आल्बर्ट पुहोल्स दोघेही तिथूनच गेलेत.

शिवाजीपार्ककर:
आपल्याकडचं कोणी पोचलंय का वरपर्यंत?

ओहायोतला_भाऊ:
मराठी माझ्या पाहण्यात नाही. फ्लोरिडात वाढलेला अर्जुन निम्मला, आईवडील तेलुगू, २०२३ मध्ये हायस्कूलमधून थेट पहिल्या फेरीत, २० वा, टोरोंटोने घेतला. कुमार रॉकरची आई भारतीय वंशाची, तो २०२४ मध्ये टेक्सस रेंजर्सकडून मेजर लीगमध्ये खेळला. पण ड्राफ्ट आता फक्त २० फेऱ्यांचा आहे, त्याकडे डोळे लावून नववीचे निर्णय नकोत.

डोंबिवली_ते_जर्सी:
सगळ्यांचे मनापासून आभार. नॅशनलवाल्यांना तुमचे प्रश्न विचारले. कॉलेजांची यादी पाठवतो म्हणाले, अजून आलेली नाही. कॅचरबद्दल विचारलं तर 'स्पर्धा निरोगी असते' असं उत्तर आलं. या वर्षी आहे तिथेच राहील, रोज कॅचिंग करेल, पिचिंग बंद. वाचलेल्या पैशांतला थोडा भाग कॅचिंगच्या शिकवणीला. नवरा विजयी मुद्रेने फिरतोय, त्याला १ ऑगस्टचा नियम वाचून दाखवला.

एक शेवटचं: कोचना पाठवायचा व्हिडिओ आतापासून करून ठेवावा का? किती मिनिटांचा?

ओहायोतला_भाऊ:
आता फक्त चित्रण जमवत राहा, पाठवायचा दहावीनंतरच्या उन्हाळ्यात. दीड-दोन मिनिटं पुरे. गाणं नको, स्लो मोशन नको. आधी सेकंड बेसवरचे चार-पाच थ्रो, मागून घेतलेले, म्हणजे कोच स्वतः घड्याळ लावून बघेल. मग जमिनीवर आपटलेले बॉल अडवताना, मग बॅटिंग बाजूने. शेवटी नाव, हायस्कूल संपण्याचं वर्ष, उंची-वजन, मार्क आणि फोन. आणि ईमेल मुलाने लिहायचं, तुम्ही नाही. आईचं ईमेल कोचला पहिल्या ओळीत ओळखू येतं.