टाकी धुणं एक दिवस पुढे ढकला

सेक्रेटरी: उद्या स. १० ते सायं. ५ टाकी धुण्याचे काम. पाणी बंद राहील. भरून ठेवावे.

बी-४०३: साहेब, सोमवारी नाही का जमणार? परवा सकाळी माझी कोलोनोस्कोपी आहे, उद्या संध्याकाळपासून जुलाबाचं औषध. मागच्या वेळी ५ म्हणत रात्री ९ ला पाणी आलं होतं.

ए-१०२: म्हणजे दुर्बीण? तोंडातून?

बी-४०३: उलट्या वाटेने 😄

सी-२०१: भाऊ, घाबरू नका. आमच्या ह्यांची झालीय. झोपेचं इंजेक्शन देतात, अर्ध्या तासात बाहेर. खरा जीव जातो तो आदल्या रात्री, ते २ लिटर खारट पाणी संपवताना. गार करून स्ट्रॉने प्या.

ए-३०४: हे पर्सनलवर बोला ना. ग्रुपवर लहान मुलं आहेत.

सी-२०१: रोजची गुड मॉर्निंगची फुलं चालतात, मग हेही चालेल.

ए-५०४ (डॉक्टर): काका, रक्त पातळ करायची किंवा शुगरची गोळी चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, मनाने बंद करू नका. पेरू, टोमॅटो, तीळ, पालेभाजी नको. उद्या शहाळं, गाळलेलं सूप, कोरा चहा चालेल. कोकम सरबत मात्र नको, आत लाल दिसलं की रक्त वाटतं. शेवटी पिवळसर, तळ दिसेल असं पाणी जायला हवं. पोट साफ नसेल तर सगळं परत करावं लागतं.

बी-४०३: ६ महिने मूळव्याध समजून सुरण आणि इसबगोल खात बसलो. रक्त थांबेना.

ए-५०४ (डॉक्टर): तिथेच चुकतं. मूळव्याध असेलही, पण बघितल्याशिवाय कळत नाही. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आत वाढलेला छोटा कोंब, दिसला तर त्याच नळीतून तारेचा फास टाकून तिथल्या तिथे काढता येतो. त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा १० एक वर्षं लागतात. अमेरिकेत २०२१ पासून त्रास नसला तरी ४५ व्या वर्षी तपासा म्हणतात. आपल्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख आहे, आतडं नाही.

बी-२०२: काका, येताना गाडी चालवायची नाही. मी नेतो-आणतो.

सेक्रेटरी: टाकी आता सोमवारी.

ए-१०२: मी आत्ताच ४ पिंपं भरली 😑

सी-२०१: दोन ४०३ च्या दाराशी ठेवा.