120 × 45 × 60 ची रिमलेस 8 मिमी टफनमध्ये? कृपा करून करू नका

एकसूत

काल मत्स्यालयाच्या रिमलेस, म्हणजे वर पट्टी नसलेल्या, टाकीबद्दल एका पोस्टमध्ये वाचलं: '120 × 45 × 60 सेंमीची रिमलेस टाकी 8 मिमी टफन काचेत बनवा. टफन साध्या काचेच्या चौपट मजबूत असते, 12 मिमीवर पैसे कशाला घालवता?' खाली बरेच जण 'सेव्ह केलं' म्हणून गेलेत. त्यातल्या एकाने जरी उद्या काच कापायला टाकली तरी नुकसान मोठं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. 60 सेंमी पाणी उभं राहिलं की 120 सेंमीच्या समोरच्या काचेवर एकूण सुमारे 215 किलोचा रेटा येतो. वर आधाराची पट्टी लावलेल्या टाकीत वरची कड धरलेली असते. रिमलेसमध्ये ती मोकळी, काच तीनच बाजूंनी अडकलेली. म्हणून पोट सुटतं ते वरच्या कडेला, बरोबर मध्यावर.

टफन केल्याने, म्हणजे तापवून झटक्यात गार केल्याने, काच फुटायला जड जाते. वाकायला मात्र ती साध्या काचेइतकीच वाकते, कारण दोन्हींचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, एकच, 70 गिगापास्कलच्या आसपास. वाक ठरतो जाडीच्या घनावर. 12 च्या जागी 8 घातली की पोट जवळजवळ 3.4 पट, मग काच कितीही टफन असो. ते पोट रोज सोसायचं कोणी? काचा चिकटवणाऱ्या सिलिकॉनने.

गढूळपाणी

ती पोस्ट माझी आहे, त्यामुळे उत्तर मीच देतो.

तुम्ही वाकावर बोललात, फुटण्यावर सोयीस्कर गप्प बसलात. टाकीच्या काचेची जाडी काढायच्या नेहमीच्या गणकात साध्या काचेची वाकताना टिकण्याची ताकद 19.2 न्यूटन प्रति चौरस मिमी धरतात आणि 3.8 चा सुरक्षागुणक (काचेची ताकद भागिले तिच्यावरचा ताण) मागतात. या मापाला 12 मिमी साधी काच जेमतेम 4 देते. 8 मिमी साधी 1.8 वर येते हे मान्य, पण टफन केली की तीच 7 च्या पुढे जाते. मग जास्त सुरक्षित कोण?

वजनाचंही बघा. 12 मिमीत नुसती काच 73 किलो, 8 मिमीत 49. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हे चढवायचं असतं. शिवाय घरात लहान मूल असेल तर साध्या काचेचे सुरीसारखे तुकडे जीवघेणे, टफनचा खडीसारखा चुरा होतो. हे तुम्ही लिहायला हवं होतं.

एकसूत

तुकड्यांचा मुद्दा बरोबर आहे, तो मी लिहायला हवा होता. पण चुरा होतो म्हणजे काय होतं तेही सांगा. साध्या काचेला बहुतेक वेळा तडा जातो, पाणी झिरपतं, बादल्या लावायला वेळ मिळतो. टफन गेली की अख्खी भिंतच जाते आणि तीनशेच्या आसपास लिटर पाणी एका दमात जमिनीवर.

आता जोडाचा हिशोब, जो तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. रिमलेसमध्ये जोडाची रुंदी म्हणजे काचेची जाडी. समोरची काच खाली 120 आणि दोन बाजूंना 60-60 अशी 240 सेंमी चिकटलेली. 8 मिमीत चिकटलेलं क्षेत्र 192 चौ. सेंमी, म्हणजे सरासरी ताण चौरस सेंमीला 1.1 किलो. इमारतींच्या काचकामात सिलिकॉनला वाऱ्याचा, म्हणजे तात्पुरता ताणही साधारण 1.4 पर्यंतच देतात. सरासरीच 1.1 असेल तर तळाच्या जोडावर, जिथे रेटा सगळ्यात जास्त, ती मर्यादा ओलांडली जाते. 12 मिमीत सरासरी 0.75. तुमचा 7 चा गुणक काचेचा आहे, टाकीचा नाही.

गढूळपाणी

आतून सिलिकॉनची गोलाई मारतात ना? तिची पकड तुम्ही धरलीच नाही.

एकसूत

ती आतल्या जोडाला ब्लेड आणि शेवाळापासून वाचवायला असते. 5 मिमीच्या गोलाईच्या भरवशावर भिंत उभी करणार असाल तर मला पुढे बोलायचं नाही.

काचकाम

दोघेही कागदावर भांडताय. टफनची खरी अडचण भट्टीत आहे. काच 600 अंशांच्या वर तापवून रोलरवरून नेतात आणि हवेने झटक्यात गार करतात. बाहेर येते तेव्हा तिच्यात बारीक लाट असते, लांब तुकड्याला थोडा बाकही येतो. खिडकीत चालतं. इथे 1 मिमीचा जोड धरायचा असतो. कड दीड-दोन मिमी बाकलेली असेल तर जोड मध्ये जाड आणि टोकाला कोरडा. वर एकदा टफन झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, एक मिमी घासताही येत नाही. माप चुकलं तर काच भंगारात.

आणि जाडीवर एवढं बोलताय, तर ती मोजता का? 8 ते 12 मिमीच्या काचेत 0.3 मिमी इकडे-तिकडे चालतं, म्हणजे 10 ची 9.7 असू शकते. त्याखाली गेली की वेगळीच जाडी गळ्यात मारलेली आहे. वर्नियर घेऊनच दुकानात जा आणि प्रत्येक तुकडा तीन ठिकाणी मोजा. कडेवरून बोट फिरवू नका, टॉर्च आडवा धरा. शंखासारखा टवका लगेच चमकतो. जोडात जाणाऱ्या कडेला नखाएवढा टवका दिसला तरी तो तुकडा परत. तडा तिथूनच सुरू होतो. वरची मोकळी कड मशीन पॉलिश घ्या, हाताच्या दगडाने मारलेली नको. रिमलेसची शान तीच कड आहे आणि सगळ्यात जास्त ताणही तिच्याच मध्यावर.

पाणझाड

एक्स्ट्रा क्लिअरबद्दल, म्हणजे कमी लोहाच्या काचेबद्दल, कोणीच बोललं नाही. 12 मिमी साधी काच घेऊन रिमलेस करणं म्हणजे हिरव्या चष्म्यातून झाडं बघणं. साध्या काचेत लोहाचं ऑक्साइड साधारण 0.1 टक्का असतं, कमी लोहाच्या काचेत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. काच जाडावली की हिरवा वाढतो. मुळात जपानमध्ये ताकाशी आमानोंनी बिनपट्टीची टाकी रूढ केली तीच पाण्यातली बाग मध्ये काही न येता दिसावी म्हणून.

काचकाम

दर बराच चढा आहे ताई, आणि ताकद तीच. बजेट अडत असेल तर समोरची आणि दोन बाजू एक्स्ट्रा क्लिअर, मागची आणि बुड साधी. बुडावर माती येते, मागे फिल्म लागते. फक्त समोरची एकच घेऊ नका, कोपऱ्यावर एक कड निळसर आणि शेजारची बाटलीसारखी हिरवी दिसते.

पाणझाड

मागची साधी चालेल. बाजूंवर तडजोड नको एवढंच म्हणणं होतं.

शिंपला_रत्नागिरी

जाडी राहू द्या. आता जुलै चाललाय, पावसाळ्यात टाकी चिकटवूच नये. कोकणात सिलिकॉन धरत नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबा.

वऱ्हाडी_गप्पी

हे चुकीचं पसरवू नका. आंबट वासाचं सिलिकॉन हवेतली वाफ घेऊनच पिकतं, म्हणजे घट्ट होतं. दमट हवेत ते लवकर पिकतं, आमच्याकडे मे महिन्यात रखडतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चार दिवसांनी जोड वरून घट्ट लागतो आणि आत लोण्यासारखा मऊ असतो. उन्हाळ्यात खोलीत ओली पोती टांगावी लागतात.

शिंपला_रत्नागिरी

पिकण्याबद्दल मी बोललोच नाही, धरण्याबद्दल बोललो! पावसाळ्यात काचेवर डोळ्याला न दिसणारी ओल असते. त्या ओलीवर सिलिकॉन ओढलं की ते पिकतं छान, पण काचेपासून सुटं. महिन्याभराने कोपऱ्यातून पापुद्र्यासारखं निघून येतं. पुस्तकी रसायनशास्त्र इथे सांगू नका.

वऱ्हाडी_गप्पी

मग ओल काढा, महिने कशाला बदलता? काच आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत ठेवा म्हणजे ती खोलीच्या तापमानाला येते. गार काच दमट खोलीत आणली की घाम सुटणारच. कड ॲसिटोनने पुसा. लगेच दुसऱ्या कोरड्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने परत पुसा, कारण ॲसिटोन उडताना काच गार होते आणि पुन्हा दव धरते. मग हेअर ड्रायर, काच हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत. त्यानंतर कडेला बोट लावायचं नाही.

शिंपला_रत्नागिरी

हेअर ड्रायरची गोष्ट मान्य. पण दमट हवेत पाच-सात मिनिटांत सिलिकॉनवर साय धरते हे तुम्ही सांगितलं नाही. 120 सेंमीची कड, मग दोन उभ्या, मग काच उचलून बसवायची. तेवढ्यात पहिल्या टोकाला साय आलेली असते आणि सायीवर बसवलेली काच चिकटत नाही. 10 मिमीची समोरची काच सतरा-अठरा किलोच्या घरात जाते, ती एकट्याने बसवता येत नाही. पावसाळ्यात करायचीच तर दोन माणसं, एकाने गन ओढायची, दुसऱ्याने काच तयार धरायची. मास्किंग टेप आधी लावलेली हवी आणि साय येण्याआधीच ओढून काढायची, नाहीतर कड फाटते.

काचकाम

या भांडणातलं हे कामाचं निघालं. दोन गोष्टी जोडतो. दुकानात 'सिलिकॉन' म्हटलं की बाथरूमचं बुरशीनाशकवालं हातात देतात, ते माशांना विष. दर्शनी काचकामाचं वेदर सीलंटही नको. जोडासाठी ट्यूबवर मत्स्यालयासाठी चालतं असं लिहिलेलं हवं. दुसरं, सगळं सिलिकॉन दाबून बाहेर काढू नका. काचेच्या वजनाने तळाचा जोड उपाशी राहतो. 1 मिमीचे टाइल स्पेसरचे तुकडे कडेखाली ठेवा, दुसऱ्या दिवशी काढून ती भोकं भरा. जोडात बुडबुडे राहिले तर टॉर्च मारल्यावर पाऱ्यासारखे चमकतात. एखादा टाचणीएवढा चालेल, आरपार गेलेली रेघ चालणार नाही. मग ब्लेडने पूर्ण काढून नव्याने, कारण पिकलेल्या सिलिकॉनवर नवं धरत नाही.

गढूळपाणी

ठीक आहे, जोडाचं गणित मी धरलं नव्हतं. पोस्टमध्ये दुरुस्ती टाकतो. पण 73 किलोचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने रिमलेस करूच नये का?

एकसूत

करावी, उंची कमी करून. 60 ऐवजी 50 सेंमी धरा. रेटा 215 वरून 150 किलोवर येतो, 10 मिमी साध्या काचेला गुणक 4.4 मिळतो, जोडावर सरासरी 0.7 किलो. काच 53 किलो. 60 सेंमी खोल टाकीत तळाशी हात पोचवताना काखेपर्यंत भिजावं लागतं आणि लाइटही महाग घ्यावी लागते, त्यामुळे गमावत काही नाही.

बाजूच्या काचा बुडावर उभ्या करणार असाल तर कापायची मापं, मिमीमध्ये:
बुड 1200 × 450, एक.
समोर-मागे 1200 × 489, दोन.
बाजू 428 × 489, दोन.
489 म्हणजे 500 वजा 10 बुडाचे, वजा 1 जोडाचा. 428 म्हणजे 450 वजा दोन काचांचे 20, वजा दोन जोडांचे 2. एकूण 23 चौरस फूट. सिलिकॉन एका ट्यूबमध्ये निघेल, पण जवळ दोन ठेवा, अर्ध्या कडेवर ट्यूब संपली की काम गेलं. प्रत्येक काचेचे दोन्ही कर्ण दुकानातच मोजा, फरक 1 मिमीच्या वर असेल तर परत.

गढूळपाणी

50 चालेल. भरायची कधी?

वऱ्हाडी_गप्पी

10 मिमी रुंद जोड, किमान सात दिवस. व्हिनेगरचा वास येतोय तोवर आत पिकणं चालू आहे, तोवर नाही. मग एक तृतीयांश भरून रात्रभर, अर्धी भरून रात्रभर, नंतर पूर्ण भरून 48 तास. खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा, थेंबही कळतो.

पाणझाड

आणि स्टँड? पाणी, माती, दगड धरून तीनशे किलोच्या वर जातं. 19 मिमी मरीन प्लाय, आयएस 710 (त्याचं भारतीय मानक) छापलेला, खाली 40 × 40 ची लोखंडी फ्रेम. पाणसळ चारही कोपऱ्यांवर आणि दोन्ही कर्णांवर लावा. टाकी एका बाजूला दोन मिमी कलली तर फक्त पाण्याची रेघ तिरकी दिसते. स्टँड पिळवटलेला असेल तर बुड फुटतं. मध्ये 10 मिमी थर्माकोल घाला.

काचकाम

थर्माकोल नको. कड दाबून बसते आणि समोरून पांढरी पट्टी दिसते. 5 मिमी काळं ईव्हीए फोम.

पाणझाड

5 मिमी ईव्हीए प्लायचा उंचवटा गिळत नाही, थर्माकोल गिळतो. पट्टी दिसली तर काळी टेप लावता येते.

काचकाम

प्लायला उंचवटा असेल तर प्लाय बदला. बुड जाणाऱ्या टाकीला टेप लावून काय उपयोग?